तिळातला बदल कसा ओळखावा आणि तो कोणाला दाखवावा

अंगावर एकही तीळ नाही असा माणूस शोधून सापडणार नाही. प्रौढ माणसाच्या अंगावर साधारणपणे दहा ते चाळीस तीळ असतात आणि त्यांतील बहुतेक सगळे जन्मभर कोणताही त्रास न देता जागच्या जागी राहतात. त्वचेला रंग देणाऱ्या पेशी एका ठिकाणी दाटीने जमल्या की तीळ दिसू लागतो. याच पेशींची वाढ बेबंद झाली तर मेलानोमा नावाचा कर्करोग होतो. भारतात त्याचे प्रमाण फार कमी आहे, वर्षाला लाख लोकांमागे एकापेक्षाही कमी. मात्र तो दुर्मीळ असल्यामुळेच त्याची शंका कोणाला येत नाही आणि रुग्ण डॉक्टरांकडे पोहोचेपर्यंत बराच काळ गेलेला असतो. वेळेत सापडला तर एका छोट्या शस्त्रक्रियेत संपणारा हा आजार उशीर झाल्यास जिवावर बेततो, म्हणून तीळ कसा पाहावा हे प्रत्येक घरात माहीत असायला हवे असे मला मनापासून वाटते.

या विषयावर जी माहिती सर्वत्र वाचायला मिळते ती मुख्यतः गोऱ्या कातडीच्या लोकांसाठी लिहिलेली असते. त्यांच्यात हा आजार पाठीवर, पोटऱ्यांवर, चेहऱ्यावर, म्हणजे उन्हाने भाजणाऱ्या भागांवर अधिक दिसतो. आपल्यासारख्या सावळ्या वर्णाच्या लोकांत मेलानोमा झालाच तर तो बहुधा तळपायावर, टाचेवर, तळहातावर किंवा नखाखाली होतो आणि त्या प्रकाराचा उन्हाशी फारसा संबंध नसतो. कोल्हापूरकराने त्यामुळे आरशात चेहरा न्याहाळण्याइतकेच लक्ष आपल्या पायांकडे द्यायला हवे. आणि या जिल्ह्यातले पाय हे कष्टाचे पाय आहेत. उसाला दारे धरणारे, राधानगरी-गगनबावड्याकडे गुडघाभर चिखलात भाताची लावण करणारे, तालमीच्या मातीत घुमणारे, अनवाणी जोतिबाचा डोंगर चढणारे. अशा पायांना सतत काही ना काही लागलेले असतेच, आणि त्यामुळे पायावर काळे काही दिसले की त्याचे कारण आधीच तयार असते. “काय नाही, ठेच लागलीया”, “काटा मोडला हुता”, “कुरूप झालंय” असे म्हणून विषय संपतो.

बहुतेक वेळा ते कारण खरेही असते. म्हणून प्रत्येक काळ्या डागाला घाबरण्याची गरज नाही. आपण जे कारण मानले आहे त्या कारणाला साजेशा रीतीने तो डाग वागतो आहे का, एवढे मात्र पाहायचे. ठेचेने नखाखाली साकळलेले रक्त नखाबरोबर पुढे सरकायला हवे, काट्याची जखम भरायला हवी, कुरूप दुखायला हवे. डाग तसा वागत नसेल तर मानलेले कारण सोडून द्यायचे आणि डॉक्टरांना दाखवायचे.

आधी आपले तीळ माहीत करून घ्या

बदल ओळखायचा तर पूर्वी काय होते ते ठाऊक असावे लागते. त्यासाठी एकदा निवांतपणे सगळे अंग पाहून घ्यावे. आंघोळीनंतर, खिडकीतून दिवसाचा उजेड येत असताना पाहणे सर्वांत चांगले, कारण पिवळ्या दिव्याखाली तपकिरी आणि काळा यांतला फरक नीट कळत नाही. डोक्यापासून सुरुवात करून पायाच्या बोटांपर्यंत क्रमाने यावे. केसांखालची त्वचा आपली आपल्याला दिसत नाही, तेथे घरातल्या माणसाने भांग पाडत पाडत पाहावे. केस कापणाऱ्या कारागिराला तर ती जागा दर महिन्याला दिसते, त्याला “डोक्यात काही काळे दिसले तर सांगा” एवढे सांगून ठेवले तरी उपयोग होतो. कानांच्या मागे, मानेवर, काखेत, स्तनांखाली, पाठीवर, मांड्यांच्या आतल्या बाजूला आणि गुप्तांगाच्या जागीही पाहावे. पाठीसाठी मोठा आरसा आणि हातात छोटा आरसा असे दोन आरसे लागतात, किंवा नवरा-बायकोने एकमेकांची पाठ पाहावी. तोंड उघडून टाळू आणि हिरड्याही पाहाव्यात. मशेरी लावणाऱ्यांच्या हिरड्या काळपट असतातच, तरीही त्यांत एखादा वेगळा, गडद आणि वाढणारा डाग उठून दिसत असेल तर तो दाखवायला हवा.

तळपाय पाहण्याला थोडी अधिक तयारी लागते. शेतात किंवा फौंड्रीत काम करणाऱ्या माणसाच्या टाचांच्या भेगांत माती, राख, तेलकट काळेपणा बसलेला असतो आणि तो वरवर धुतल्याने जात नाही. पाय कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे बुडवून ठेवावेत, मग साबण आणि वजरीने हलक्या हाताने घासावेत आणि कोरडे पुसावेत. जे निघून गेले तो मळ होता. जे राहिले ते नीट पाहायचे. खुर्चीवर बसून एक पाय दुसऱ्या मांडीवर घ्यावा, टाच, चवडा, मधला खळगा आणि मग प्रत्येक दोन बोटांमधली जागा बोटे फाकवून पाहावी. ज्या वडीलधाऱ्यांना पाय मांडीवर घेणे जमत नाही त्यांचे पाय सुनेने, मुलाने किंवा नातवंडाने पाहावेत. मधुमेह असलेल्यांचे पाय रोज पाहायला डॉक्टर सांगतातच, त्याच पाहण्यात हेही साधते. हातापायांवर मेंदी रंगलेली असताना किंवा नखांवर नेलपॉलिश असताना ही पाहणी करून उपयोग नाही. लग्नसराईत मेंदी काढण्याच्या आदल्या दिवशी तळहात-तळपाय पाहून घेणे सोयीचे पडते.

लक्षात ठेवण्यासारखा तीळ दिसला की मोबाइलवर त्याचे फोटो काढून ठेवावेत. एक फोटो थोडा लांबून, म्हणजे तीळ शरीरावर कोठे आहे ते कळावे, आणि एक जवळून. जवळच्या फोटोत तिळाशेजारी शाळेची मिलिमीटरच्या खुणा असलेली पट्टी ठेवावी. फोनमधला चेहरा उजळ करणारा फिल्टर बंद आहे ना, याची खात्री करावी, कारण तो नेमका रंगच बदलून टाकतो. फोटो वेगळ्या अल्बममध्ये तारखेसह ठेवावेत आणि दोन-तीन महिन्यांनी त्याच खिडकीपाशी, त्याच उजेडात पुन्हा काढून शेजारी शेजारी पाहावेत. आठवणीवर विसंबून “पूर्वीपासून असाच आहे” असे म्हणणारी माणसे खोटे बोलत नसतात, पण रोज दिसणाऱ्या गोष्टीतला सावकाश होणारा बदल डोळ्यांना कळत नाही. दोन फोटो समोर आले की तो लगेच कळतो.

साधा तीळ सहसा लहान, गोल किंवा लंबगोल, एकाच रंगाचा आणि स्पष्ट कडेचा असतो. त्याच्यातही वयानुसार बदल होतात आणि ते स्वाभाविक असतात. वयात येताना आणि गरोदरपणी तीळ थोडे गडद होतात, लहानपणी सपाट असलेला तीळ पुढे फुगीर आणि फिकट होतो, उतारवयात काही तीळ नाहीसेही होतात. तिळावर केस उगवले की लोक घाबरतात, त्याची गरज नाही. तीस-पस्तिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात. मात्र चाळिशी उलटल्यावर नवा काळा डाग आला आणि तो वाढू लागला तर त्याला “आणखी एक तीळ” म्हणून सोडू नये. मेलानोमा जुन्या तिळातून होतो त्यापेक्षा कितीतरी अधिक वेळा आधी काही नसलेल्या जागी नव्याने उगवतो.

बदल म्हणजे नेमके काय पाहायचे

१९८५ मध्ये न्यूयॉर्कमधील त्वचारोगतज्ज्ञांनी सामान्य माणसालाही वापरता याव्यात अशा चार खुणा सुचवल्या आणि २००४ मध्ये त्यांत पाचवीची भर पडली. जगभर आजही याच खुणा शिकवल्या जातात. तिळाच्या मधोमध मनातल्या मनात रेघ ओढली तर दोन्ही अर्धे भाग सारखे दिसतात का, ही पहिली खूण. एक बाजू मोठी आणि एक आखूड असेल तर लक्ष द्यावे. दुसरी कडेची, ती फाटल्यासारखी, दातेरी किंवा शाई पसरल्यासारखी पुसट होत असेल तर ते ठीक नाही. तिसरी रंगाची. एकाच डागात तपकिरी, काळा, राखाडी, निळसर, तांबडा किंवा मध्येच पांढुरका असे निरनिराळे रंग दिसणे हे साध्या तिळाचे लक्षण नव्हे. चौथी आकाराची, सहा मिलिमीटरपेक्षा रुंद डाग, म्हणजे शिसपेन्सिलीच्या मागच्या रबरापेक्षा मोठा. पाचवी खूण बदलाची आहे आणि माझ्या मते पाचही खुणांत तीच सर्वांत महत्त्वाची आहे. पसरणारा, उंच होणारा, रंग पालटणारा, खाजणारा, खपली धरणारा किंवा न लागता रक्त येणारा तीळ लहान असला तरी दाखवायलाच हवा. उलट वीस वर्षे जसाच्या तसा असलेला आठ मिलिमीटरचा तीळ बहुधा निरुपद्रवी असतो.

या पाच खुणांत न बसणारे काही डागही असतात. एक प्रकार आकाराने अगदी नीट गोल, घट्ट आणि उंचवट्यासारखा असतो, तो आठवड्यागणिक वाढतो आणि कधी कधी काळा नसून गुलाबी किंवा तांबूस असतो. त्याला लोक गळू किंवा फोड समजतात. महिनाभरात न बसणारी, वाढत जाणारी आणि सहज रक्त येणारी अशी घट्ट गाठ दिसली तर रंग काळा नाही म्हणून निश्चिंत राहू नये.

आणखी एक साधी पण फार उपयोगी रीत आहे. एका माणसाचे तीळ साधारण एकाच वळणाचे असतात. कोणाचे सगळेच बारीक आणि काळे, कोणाचे फुगीर आणि तपकिरी. त्या सगळ्यांत एखादाच वेगळ्या वळणाचा दिसला, तर कारण सांगता आले नाही तरी तो तज्ज्ञांना दाखवावा.

बदलाचा वेगही पाहावा. एका रात्रीत किंवा दोन-तीन दिवसांत सुजलेला, दुखणारा तीळ बहुधा खरचटलेला, चावलेला किंवा पिकलेला असतो आणि आठ-पंधरा दिवसांत पूर्ववत होतो. काही आठवडे ते काही महिने या काळात, न दुखता, हळूहळू होणारा बदल अधिक काळजीचा. दुखत नाही म्हणून थांबणे ही या आजारातली नेहमीची फसगत आहे, कारण सुरुवातीला मेलानोमा बहुधा दुखत नाही.

तळपाय, तळहात आणि नखे

तळपायावर नवा तपकिरी किंवा काळा डाग दिसला की आधी तो रक्त साकळल्याचा आहे का ते ठरवायचे. नव्या, टाचेला चावणाऱ्या पायताणाने, पळण्याने किंवा उडी मारण्याने टाचेच्या कडेला रक्त साकळून काळे ठिपके पडतात. त्वचा जशी झिजते तसे ते वर येतात आणि तीन-चार आठवड्यांत निघून जातात. महिन्यानंतरही डाग तिथेच असेल किंवा मोठा झाला असेल, तर ते साकळलेले रक्त नव्हते.

कुरूप आणि तळपायाची चामखीळ यांचेही तसेच. कुरूप दाब पडणाऱ्या जागी येते, दाबले की खुपते आणि त्याचा रंग आजूबाजूच्या घट्ट कातडीसारखाच पिवळसर असतो. चामखिळीत बारीक काळे ठिपके दिसतात, पण ते सुटे सुटे असतात आणि मधली त्वचा काळी नसते. कुरूप म्हणून पट्ट्या लावल्या, ब्लेडने तासले, तरी तीच जागा काळपट ओली राहते, भरत नाही, पुन्हा पुन्हा रक्त येते आणि कडेने काळसर रंग पसरतो, असे असेल तर पुढची पट्टी न लावता त्वचारोगतज्ज्ञांकडे जावे. पायावरची कोणतीही जखम सहा आठवड्यांत भरली नाही, तर मधुमेह असो वा नसो, तिची तपासणी व्हायला हवी.

नखांच्या बाबतीत थोडे बारकाईने सांगणे भाग आहे. ठेच लागली, दगड पडला, दारात बोट चेंगरले की नखाखाली रक्त साकळते आणि नख काळेनिळे होते. हा काळा भाग नखाबरोबर पुढे सरकतो. हाताचे नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढते आणि पायाचे सुमारे दीड मिलिमीटर, म्हणजे पायाच्या अंगठ्याचे नख पूर्ण नवे यायला वर्ष-दीड वर्ष लागते. काळ्या भागाच्या मागच्या कडेला नखावर बारीक खूण करून किंवा फोटो काढून ठेवावा. दोन महिन्यांनी तो काळा भाग पुढे सरकून त्याच्या मागे, चामडीपाशी, स्वच्छ नख दिसायला लागले तर ते रक्तच होते. डाग नखाच्या मुळापाशीच राहिला, तर ते रक्त नाही असे समजून चालावे.

उभी काळी किंवा तपकिरी रेघ ही वेगळी गोष्ट. नखाच्या मुळापासून टोकापर्यंत सरळ जाणाऱ्या अशा रेघा सावळ्या लोकांत वयानुसार पुष्कळांना असतात आणि दोन्ही हातांच्या अनेक नखांवर, बारीक आणि एकसारख्या असतील तर त्या सहसा निरुपद्रवी असतात. एकाच नखावर, विशेषतः हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्यावर, नव्याने आलेली रेघ मात्र दाखवावी. ती तीन मिलिमीटरहून रुंद असेल, मुळाशी रुंद आणि टोकाशी अरुंद होत असेल, तिच्यात फिकट-गडद पट्टे मिसळलेले असतील किंवा नख तिथे चिरत असेल, तर तपासणी लांबवू नये. सर्वांत महत्त्वाची खूण म्हणजे तो काळा रंग नखावरून उतरून नखाच्या मुळाशी असलेल्या चामडीवर किंवा बाजूच्या कातडीवर पसरणे. असे दिसले तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. जमैकाचे गायक बॉब मार्ले यांच्या पायाच्या बोटाच्या नखाखालचा मेलानोमा १९७७ मध्ये लक्षात आला, आधी ती फुटबॉल खेळताना झालेली इजा मानली गेली होती. ११ मे १९८१ रोजी, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पायावरच्या अशा डागाबरोबर त्याच पायाच्या जांघेत अवधाण आल्यासारखी गाठ लागत असेल, किंवा हातावरच्या डागाबरोबर काखेत गाठ लागत असेल, तर ती डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

जाळू नका, बांधू नका, तासू नका

तीळ किंवा चामखीळ नकोशी वाटली की ती घालवण्याचे उपाय आपल्याकडे घरोघरी सांगितले जातात. चुना आणि सोडा लावणे, घोड्याचा केस बांधणे, बिब्बा लावणे, उदबत्तीने डागणे. बिब्ब्याने कातडी चांगलीच भाजते, चुन्या-सोड्याने खड्डा पडतो, हे तोटे तर आहेतच. पण मेलानोमाची शंका असलेल्या डागावर यातले काहीही केले, तर त्याहून मोठे नुकसान होते. वरचा काळा भाग जातो, खालच्या पेशी राहतात आणि वर व्रण भरून आल्यामुळे त्या आत वाढत राहिल्या तरी दिसत नाहीत. पार्लरमध्ये मशीनने तीळ काढणे, ऑनलाइन मागवलेले तीळ घालवण्याचे मलम लावणे, हेही त्यातच आले. लेसर आणि कॉटरीने, म्हणजे विजेवर तापणाऱ्या उपकरणाने, तीळ जाळून टाकण्याबद्दलही तेच म्हणावे लागेल, कारण जळून गेलेल्या तिळाची तपासणी करता येत नाही.

तपासणी का हवी, हे समजून घेतले म्हणजे हा आग्रह पटतो. अलेक्झांडर ब्रेस्लो या पॅथॉलॉजिस्टने १९७० मध्ये दाखवून दिले की मेलानोमा त्वचेत किती खोल गेला आहे, यावर रुग्णाचे पुढचे भवितव्य मुख्यतः अवलंबून असते. ही खोली मिलिमीटरमध्ये मोजतात. एक मिलिमीटरपर्यंतच असताना तो पूर्ण काढला, तर बहुसंख्य रुग्ण बरे होतात. चार मिलिमीटरच्या पुढे गेला की धोका खूप वाढतो. ती खोली मोजायची तर त्वचेचा पूर्ण जाडीचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली जावा लागतो. म्हणून केवळ दिसायला बरे नाही म्हणून तीळ काढून घेत असाल, तरीही काढण्यापूर्वी तो त्वचारोगतज्ज्ञांनी पाहिलेला असावा, आणि काढलेला काळा तीळ पॅथॉलॉजीला पाठवायला सांगावा. तो पाठवण्याचा खर्च वाचवू नये.

कोणाला आणि कसे दाखवायचे

घरच्या डॉक्टरांना दाखवून त्यांची चिठ्ठी घेऊन त्वचारोगतज्ज्ञांकडे जाणे चांगले, पण चिठ्ठीसाठी अडून राहू नये. कोल्हापूर शहरात राजारामपुरी, शाहूपुरी या भागांत त्वचारोगतज्ज्ञांचे दवाखाने आहेत. खर्चाची अडचण असेल तर दसरा चौकाजवळचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपले सीपीआर, राजर्षी छत्रपती शाहू महाराज शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाशी जोडलेले आहे. तेथे त्वचारोग, शस्त्रक्रिया आणि पॅथॉलॉजी हे तिन्ही विभाग एकाच छत्राखाली मिळतात. सकाळी लवकर जाऊन केसपेपर काढावा आणि त्वचा विभागाची ओपीडी कोठे आहे ते विचारून घ्यावे. कदमवाडीच्या डी. वाय. पाटील रुग्णालयालाही वैद्यकीय महाविद्यालय जोडलेले आहे. चंदगड, आजरा, शाहूवाडी अशा लांबच्या तालुक्यांतून येणाऱ्यांनी आधी फोन करून डॉक्टर कोणत्या वारी असतात ते विचारावे, म्हणजे एसटीचा हेलपाटा पडत नाही.

दवाखान्यात जाताना नखांवरचे पॉलिश, चेहऱ्यावरची पावडर-मेकअप काढून जावे. मोबाइलमधले फोटो, चालू असलेल्या औषधांची नावे आणि जुने रिपोर्ट बरोबर न्यावेत. दुसऱ्याच आजारासाठी गेलेले असताना शेवटी उठता उठता “आणि हा एक तीळ आहे बघा” असे सांगू नये. बसल्याबरोबर सांगावे: “डॉक्टर, तळपायावरचा हा डाग चार महिन्यांपूर्वी नव्हता. दिवाळीत एवढा होता, आता एवढा झाला आहे, आणि दोनदा रक्त आले.” अंगावर इतर कोठे डाग असतील, आई-वडील किंवा सख्ख्या भावंडांपैकी कोणाला त्वचेचा कर्करोग झाला असेल, किडनी बदललेली असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर तेही सांगावे. अंगावर पन्नासहून अधिक तीळ असणारे आणि जन्मापासून फार मोठा, केसाळ, तळहातापेक्षा रुंद काळा डाग असणारे यांनी बदल होण्याची वाट न पाहता वर्षातून एकदा तपासून घेतलेले बरे. स्त्रियांना पुरुष डॉक्टरांसमोर मांडी, पाठ दाखवायला संकोच वाटतो. त्यांनी महिला डॉक्टर किंवा परिचारिका उपस्थित असावी असे निःसंकोच सांगावे, पण संकोचापायी डाग झाकून ठेवू नये.

डॉक्टर आधी साध्या डोळ्यांनी पाहतात आणि मग डर्मोस्कोप नावाच्या, सुमारे दहापट मोठे दाखवणाऱ्या आणि स्वतःचा दिवा असलेल्या भिंगातून तो डाग पाहतात. हे भिंग त्वचेवर ठेवायचे असते, त्यात काहीच दुखत नाही. त्यातून काय दिसते हे समजण्यासाठी तळपायाचेच उदाहरण घेऊ. अंगठ्याच्या ठशावर जशा रेषा उमटतात तशाच रेषा तळपायाच्या त्वचेवर असतात, म्हणजे आलटून पालटून उंचवटे आणि खाचा. साध्या तिळाचा रंग बहुधा खाचांमध्ये साठलेला दिसतो, तर मेलानोमाचा रंग उंचवट्यांवर पट्ट्यांसारखा पसरलेला असतो. उघड्या डोळ्यांना सारखेच दिसणारे दोन काळे डाग या भिंगाखाली असे वेगळे ओळखता येतात.

पाहणीनंतर तीनपैकी एक गोष्ट होते. डाग निरुपद्रवी असल्याचे सांगून घरी पाठवतात, किंवा फोटो काढून तीन महिन्यांनी पुन्हा बोलावतात, किंवा तुकडा काढून तपासायचे ठरते. दुसऱ्या पर्यायात पुढची तारीख पाळणे आपल्या हातात आहे. गळीत हंगाम, लावणी, लग्न, मुलांची परीक्षा यांतून ती तारीख निसटते, म्हणून ती तिथेच फोनवर नोंदवून ठेवावी.

तुकडा काढण्याविषयी

“सुरी लागली की कॅन्सर पसरतो” हा समज आपल्याकडे फार खोल रुजलेला आहे आणि त्यामुळे पुष्कळ लोक तपासणीला तयार होत नाहीत. बायोप्सीमुळे, म्हणजे तपासणीसाठी तुकडा काढल्यामुळे, मेलानोमा पसरत नाही. रोग आधीच पसरलेला असताना उशिरा तपासणी झाली आणि त्यानंतर रुग्ण खालावला, असे पाहिलेल्यांनी दोन्ही गोष्टींचा संबंध जोडला, एवढेच.

शक्य असेल तेव्हा संशयित डाग सगळाच्या सगळा, भोवतालची एक ते तीन मिलिमीटर चांगली कातडी घेऊन काढतात. तळपायावरचा डाग फार मोठा असेल तर त्याच्या सर्वांत गडद किंवा जाड भागातला छोटा तुकडा घेतात. जागा बधिर करण्याचे इंजेक्शन देताना काही सेकंद चुरचुरते, त्यानंतर दाब जाणवतो पण दुखत नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेह असेल, पूर्वी भुलीच्या इंजेक्शनची रिअॅक्शन आली असेल, तर आधीच सांगावे आणि कोणतीही गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नये. टाके चेहऱ्यावर असतील तर पाच-सात दिवसांनी, अंगावर दहा ते चौदा दिवसांनी आणि तळपायावर दोन ते तीन आठवड्यांनी काढतात. तळपायाला टाके असताना त्या पायावर भार टाकायचा नाही आणि चिखलात, शेणात जायचे नाही, म्हणून शेतकऱ्याने जनावरांची आणि पाण्याच्या पाळीची व्यवस्था आधी कोणावर तरी सोपवून मगच तारीख घ्यावी. नखाखालची बायोप्सी अवघड असते, ती अशा कामाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांकडूनच करून घ्यावी.

याच ओघात तिळाशी संबंध नसलेल्या दोन गोष्टी सांगतो, कारण त्या अंग पाहताना डोळ्यांसमोर येतात. नाकावर, पापणीवर किंवा गालावर मोत्यासारखी चकाकणारी काळसर पुळी, जिची खपली पडते आणि पुन्हा धरते, हा त्वचेच्या दुसऱ्या एका कर्करोगाचा प्रकार असू शकतो. तो सावकाश वाढतो आणि वेळेत काढला की बहुधा पूर्ण बरा होतो. दुसरी गोष्ट कमरेची. वर्षानुवर्षे परकराची नाडी एकाच जागी घट्ट बांधल्याने तिथली त्वचा घासून काळी, जाड होते आणि क्वचित तिथे न भरणारा व्रण होऊन त्यात कर्करोग होतो. वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी २०२४ मध्ये अशा स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. आजी, मावशी, आई यांना नाडी सैल बांधायला, रुंद पट्टा वापरायला सांगावे आणि कमरेवर न भरणारी चीर असेल तर दाखवायला न्यावे.

रिपोर्ट आल्यावर

रिपोर्ट साधारण आठवडाभरात मिळतो, खास रंग वापरून आणखी तपासणी करावी लागली तर थोडे अधिक दिवस जातात. फोनवर “नॉर्मल आहे” एवढे ऐकून थांबू नये, कागद हातात घ्यावा. रिपोर्टमध्ये मेलानोमा आला तर त्यात खोली किती मिलिमीटर, वर व्रण होता का आणि काढलेल्या तुकड्याच्या कडा रोगापासून मोकळ्या आहेत का, या तीन गोष्टी लिहिलेल्या आहेत ना, ते डॉक्टरांना विचारावे. सहसा पुढची पायरी म्हणजे त्याच जागी आणखी एक ते दोन सेंटिमीटर कातडी काढणे, आणि खोली जास्त असेल तर जांघेतल्या किंवा काखेतल्या गाठीची तपासणी. खर्चासाठी महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाच्या शस्त्रक्रिया आणि उपचार येतात. योजनेत असलेल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, त्यांना रेशनकार्ड आणि आधार कार्ड दाखवून आपला उपचार त्यात बसतो का ते दाखल होण्यापूर्वी विचारावे.

मुंबईला परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात दुसरे मत घ्यायचे ठरले, तर केवळ रिपोर्टची झेरॉक्स घेऊन महालक्ष्मी एक्सप्रेसने निघू नये. तेथील डॉक्टर मूळ तुकडा स्वतः पुन्हा पाहतात. त्यासाठी येथील पॅथॉलॉजी विभागातून काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉक अर्ज करून मागून घ्यावेत, त्यांवरचा क्रमांक रिपोर्टवरच्या क्रमांकाशी जुळतो का ते तिथेच पाहावे, आणि स्लाइड फुटणार नाहीत अशा डबीत घालून सामानात न टाकता हातातल्या पिशवीत ठेवाव्यात.